बाई नुसत्या विचारतात

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. नगरच्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं काढली आणि त्या बावीस वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी मला न विचारता शिंकली नाही. आमचे हे म्हणायचे, "दमयंतीबाई, तुम्ही तिरडीवरूनसुद्धा खांदेकऱ्यांना पाय कसे टाकायचे ते सांगाल." म्हणोत बापडे. सांगितल्याशिवाय जगात काही धड होतं, असं तोवर मला तरी कुठे दिसलं नव्हतं.

सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षात स्कूल बोर्डाचा कागद आला. देवळाली प्रवरेपासून दोन कोसांवर, कालव्याच्या काठी, एक मुलींची शाळा आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून नांदती आहेत. एक खोली, एक शिक्षिका, एकोणतीस मुली, तिसरीपर्यंत वर्ग. गेल्या तपासणीत तिसरीचा गणितात पार बोऱ्या वाजला होता. आता माघात पुन्हा तपासणी. तीत शाळा उतरली नाही तर ती बंद करून मुली मुलांच्या शाळेत घालायच्या. तोवर मी सहा आठवडे तिथे राहून शिक्षिकेला तयार करावं, असा हुकूम होता.

मुली मुलांच्या शाळेत घालायच्या, म्हणे! कागदावर लिहायला काय जातं! गावात उतरले त्याच दिवशी शाळा कमिटीचे गहिनीनाथ पाटील भेटले. मी विचारलं, "शाळा बंद झाली तर मुलींचं काय?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय व्हायाचंय? पोरांच्यात कोन धाडतंय पोरी? खुरपं हाय की." म्हणजे सरळ हिशेब होता. शाळा राहिली तर एकोणतीस पाट्या, गेली तर एकोणतीस खुरपी.

शिक्षिकेचं नाव चांगुणा. वय बावीसेक. नवऱ्याने टाकलेली. माहेरी येऊन हट्टाने सातवीची फायनल परीक्षा पास झालेली. तिच्या भावकीत इतकं शिकलेली ती पहिलीच बाई. हाताला घट्टे आणि आवाज इतका बारीक की मागच्या रांगेतल्या मुली कानाला हात लावून बसायच्या. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाई, तुमी सांगाल तसं करते. शाळा गेली तर मला परत भावजयीच्या हाताखाली जावं लागंल. तेवढं नगं."

"सांगाल तसं करते." माझ्यासारखीला याहून गोड शब्द कोणता? मी पदर खोचला आणि सांगायलाच बसले.

एक दिवस तिचा वर्ग पाहिला आणि सतरा चुका काढून दिल्या. मुलींकडे पाठ करू नको. खडू असा धर. मुलींना नावाने हाक मार. तिने सतराच्या सतरा वहीत उतरवून घेतल्या. मग मी तिला भागाकाराच्या पाठाचं टाचण लिहून दिलं. टाचण म्हणजे पाठाआधी मास्तरने करायची लेखी तयारी. डावीकडे शिक्षकाचे प्रश्न, उजवीकडे मुलांची अपेक्षित उत्तरं. आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात तसंच शिकवलं होतं आणि माझ्या टाचणांची तिथे वाहवा व्हायची. मी चांगुणाला दोन्ही बाजू भरून दिल्या, अगदी "मुली हसतील" इथपर्यंत.

आठव्या दिवशी तिने पाठ घेतला. मी मागे बसले होते. पोरीने टाचण तोंडपाठ केलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"बारा लाडू चार मुलींत सारखे वाटले, तर प्रत्येकीला किती?" चांगुणाने विचारलं आणि बनूकडे बोट केलं. बनू म्हणजे तिसरीतली सगळ्यात उंच मुलगी, कपाळावर केस आणि डोळे कायम बारीक केलेले.

बनू म्हणाली, "दोन."

चांगुणा गडबडली. तिने वहीत पाहिलं. "दोन न्हाई. तीन म्हन."

"दोनच, बाई."

"अगं, हितं तीन लिवलंय. म्हन तीन!"

बनूने मान खाली घातली आणि म्हणाली, "तीन." मग चांगुणा वहीतलं पुढचं बोलली, "शाब्बास." आणि जरा थांबून, मुलींनी हसावं म्हणून, माझ्या टाचणाप्रमाणे हसली. एकही मुलगी हसली नाही.

शाळा सुटल्यावर मी तिला फाडून खाल्लं. "अगं, डोकं गहाण टाकलंयस का? पोरगी दोन म्हणते आणि तू वही काय दाखवतेस? ती दोन का म्हणाली?"

"ठाव न्हाई, बाई."

"मग विचारलं का नाहीस?"

चांगुणाचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "तुमच्या टाचणात न्हवतं."

ती खोटं बोलत नव्हती. मी तिला सगळं लिहून दिलं होतं, फक्त मुलीला काय वाटलं ते विचारायला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने बनूला विचारलं आणि येऊन मला सांगितलं. बनूला दोन भाऊ. घरात काही गोड केलं की आधी भावांचं काढून ठेवायचं. म्हणून तिने बारातून त्यांचे चार काढले आणि उरलेले आठ चौघींत वाटले. भावांना दोन-दोन, बहिणींना दोन-दोन. मेलीने बाराला सहाने चोख भागलं होतं, आणि आम्ही दोघी शहाण्या तिला "तीन म्हण" म्हणून दटावत होतो. मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की मला अधिकच राग येतो. त्या दिवशी तो सगळा राग मी स्वतःवर काढला.

आता काय करायचं, ते मी त्याच दिवशी ठरवलं. आता हिला एकही गोष्ट सांगायची नाही. रोज चार वाजता, शाळा सुटली की हिच्यासमोर बसायचं आणि फक्त विचारायचं. विचारून झालं की गप्प बसून ऐकायचं. ऐकताना आपल्याला उत्तर येतंय असं तोंडसुद्धा करायचं नाही.

बोलायला सोपं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "फळ्यावर जरा मोठं लिहायला तुला काय धाड भरते?"

चांगुणाने वर पाहिलं. "ह्यो प्रश्न हाय का, बाई?"

नव्हताच. हुकूमच होता, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलेलं. तिच्यासमोर मला हसू आलं आणि तीही पहिल्यांदा हसली. त्यानंतर मी तोंडात लवंग धरून बसू लागले, म्हणजे जीभ सैल सुटायला नको. पाच आठवड्यांत मी इतक्या लवंगा चावल्या की तलाठ्याची बायको, जिच्या घरी मी उतरले होते, ती म्हणाली, "दाढ दुखती का हो बाई?"

प्रश्न माझे दोनच. आज कोण शिकलं? आणि कशावरून? पहिले दोन-चार दिवस चांगुणा म्हणायची, "समद्या शिकल्या." कशावरून? "मी शिकवलं न्हवं का." मग मी गप्प. ती गप्प. बाहेर कालव्यावर पाणकोंबड्या ओरडत असायच्या आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. मला वाटायचं, उठावं आणि हिच्या हातातून खडू हिसकावून घ्यावा.

मग हळूहळू ती बोलू लागली. सोना शिकली न्हाई, ती शेजारणीच्या पाटीवरचं बघती. कशावरून? दोघींची चूक एकच हाय. छबूला येतंय, पन बोलत न्हाई. कशावरून? घरी जाताना धाकट्या भनीला शिकवती, मी ऐकलं. मी बावीस वर्षांत कधी मुलींच्या मागून घरापर्यंत गेले नव्हते. हे मला ठाऊकच नव्हतं, मग सांगणार काय कपाळ?

गावाला मात्र माझी ही तऱ्हा पसंत नव्हती. गहिनीनाथ पाटलांनी एकदा मला रस्त्यात गाठलं. "बाई, बोर्डानं तुमास्नी शिकवाया धाडलंय का इचाराया? चांगुणा म्हनती, नगरच्या बाई कायबी सांगत न्हाईत."

"पाटील, तुम्ही बैलाला नांगर शिकवता तेव्हा नांगर स्वतः ओढता का?" मी फटकन बोलले. ते हसले, पण त्यांचं समाधान झालं नाही. माझं तरी कुठे झालं होतं?

चौथ्या आठवड्यात स्फोट झाला. त्या दिवशी चांगुणा खाली बसलीच नाही. दारात उभी राहिली आणि तिचा तो बारीक आवाज एकदम खणखणीत निघाला. "बाई, तपासनी दोन आठवड्यांवर आली. तुमाला समदं येतं. येतं न्हवं? मग सांगत का न्हाई? माझी शाळा बुडाल्याली बघायचीय का तुमाला?" आणि ती रडायला लागली.

खोटं कशाला बोलू? माझ्या पिशवीत तेव्हा नवं टाचण होतं. दोन्ही बाजू भरलेलं, देखणं. हात पिशवीकडे गेलाही होता. ते दिलं असतं तर तिचं रडू थांबलं असतं, माझाही जीव थंड झाला असता आणि माघात शाळा बंद पडली असती. मी हात मागे घेतला आणि लवंग दाढेखाली दाबली.

"चांगुणा," मी म्हटलं, "वर्गात तुला भीती कुणाची वाटते?"

ती रडता रडता थांबली. मग म्हणाली, "बनूची."

"का गं?"

"ती इचारती. उरल्यालं कुठं गेलं म्हनून इचारती." तिने डोळे पुसले. "आन मला उत्तर येत न्हाई. बाई, मला भागाकार पाठ हाय. कळला कधीच न्हाई. फायनलला बी पाठच केलता."

हे होतं तर! सतरा चुका मी काढल्या होत्या आणि त्यांत ही एकही नव्हती. माझ्या जिभेवर सगळा भागाकार येऊन उभा राहिला. मी तो गिळला आणि विचारलं, "तुला न चुकता कशाची वाटणी करता येते?"

"मला? मला कसली वाटनी येनार?" मग ती थबकली. "पान्याची. आठ वर्सांची असल्यापासून दारं धरतीय मी."

कालव्याला पाणी सुटलं की ज्याच्या त्याच्या वाट्याचे तास ठरलेले असतात. तेवढ्या वेळात पाटातून एकेका वाफ्याची तोंडं फोडत आणि बुजवत सगळं रान भिजवायचं, याला दारं धरणं म्हणतात. तिकडच्या मुली शाळा बुडवतात ती याच कामासाठी.

"बरं. तेरा तास पाणी आहे आणि चार रानं आहेत. तर?"

"तीन-तीन तास. एक तास उरतो." ती फटकन बोलली.

"उरलेल्याचं काय करतेस?"

"त्ये शेवटच्या रानाला. तितवर जाईस्तवर पाटातच पानी मुरतं, म्हनून..." आणि ती बोलता बोलता खाली बसली. तिचा चेहरा पालटला. मी शपथेवर सांगते, मी काहीही बोलले नाही. "बाई, ह्योच भागाकार?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाते तर वर्ग रिकामा! शाळेच्या मागे चिखलात तिसरीच्या अकराजणी परकर खोचून बसलेल्या, बाकीच्या भोवती उभ्या. चांगुणाने मातीत वाफे पाडले होते आणि मुली तांब्या-तांब्याने पाणी मोजून घालत होत्या. ना आज काय शिकायचं त्याचं हेतुकथन, ना उजळणी, ना शिस्त. तेरा तांबे चार वाफ्यांना, सोळा तांबे पाच वाफ्यांना. उरलेला तांब्या कुणाचा, यावर बनू आणि छबू अशा भांडत होत्या की जणू बापाचं रान वाटलं जातंय. माझ्या ट्रेनिंगचा जीव तळमळत होता. एका मुलीच्या पाटीवर चिखल उडाला तेव्हा तर मी तोंड उघडलंच होतं. चांगुणाने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

नंतर ती रोज पाणी, मग शेंगा, मग नुसते पाटीवरचे आकडे, अशी पुढे सरकत गेली. कोणत्या दिवशी काय, हे तिचं तीच ठरवायची. चार वाजता मी विचारायचे आणि ती आता न रडता सांगायची.

माघात तपासणीला शामकांतसाहेब आले. शाळातपासनीस. गावोगाव त्यांना दिपोटी म्हणायचे आणि त्यांच्या सायकलची घंटा ऐकली की मास्तर लोक टोपी सरळ करायचे. मनुष्य सरळ होता, पण नियमाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही. बाहेर गहिनीनाथ पाटील आणि आठ-दहा बाप्ये येऊन उभे राहिले. साहेबांनी चांगुणाकडे टाचण मागितलं. पाहिलं आणि भुवया चढवल्या.

"उत्तरांची बाजू कोरी का?"

"त्या पोरी देत्याल, साहेब. मला आधी कसं कळंल?" चांगुणा म्हणाली. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

साहेबांनी मग स्वतःच विचारलं. "त्रेचाळीस लिंबं सहा टोपल्यांत सारखी भरली, तर एकेका टोपलीत किती?"

वर्ग चिडीचूप. कोट, टोपी, परका आवाज, मुली थिजून गेल्या. साहेब थांबले. बाहेर कुणीतरी खाकरलं. साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "दमयंतीबाई, जरा तुम्ही घ्या वर्ग. बघू तरी."

मला हेच हवं होतं हो! दोन मिनिटांत मी त्या मुलींकडून उत्तर काढलं असतं. पायसुद्धा उचलला होता. पण मी घेतला असता तर मग तो वर्ग कुणाचा?

"नाही, साहेब. वर्ग तिचा आहे," मी म्हटलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

चांगुणा पुढे आली. तिने साहेबांच्या देखत जे विचारलं, ते माझ्या बावीस वर्षांत कुणी तपासणीत विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. "कुनाकुनाला कळलं न्हाई? हात वर करा."

आठ हात वर. तपासणीत मास्तर न येणारी मुलं मागे दडवतात आणि ही बया त्यांना हात वर करायला सांगत होती.

"बनू, काय कळलं न्हाई?"

"लिंबं समदी सारखीच हायत का ल्हान-मोठी?" बनूने विचारलं, आणि तेही थेट साहेबांना.

साहेब जरा बावरले. "सारखीच. सारखीच धरा."

"मग सात-सात. एक उरलं."

"आन उरल्यालं कुठं घालायचं, साहेब?" छबू मागून म्हणाली. बाहेरचे बाप्ये हसले. साहेबांच्याही ओठांवर हसू आलं. मग ते विचारू लागले आणि मुली उलट विचारू लागल्या. शंभर ऊस, आठ मोळ्या? बारा-बारा, चार उरले, ते पोरं खाऊन टाकत्यात. शेवटी पाटीवर सहा उदाहरणं घातली. अकरापैकी नऊजणींची सहाही बरोबर. मला नाचावंसं वाटत होतं.

साहेबांनी शेरेबुक उघडलं. तपासणीचा निकाल त्यातच लिहायचा असतो. "मानलं, दमयंतीबाई. सहा आठवड्यांत इतकं! अशी करामत तुम्हीच करावी."

माझी छाती फुगली, लपवत नाही. पण ते पुढे म्हणाले, "तरी माझी अडचण सुटत नाही. हे सगळं तुमचं. तुम्ही परवा नगरला जाणार आणि शाळा पुन्हा होती तिथे. बाई आहेत तोवरच शाळा, असं मी बोर्डाला कसं कळवू? मला बंदचीच शिफारस करावी लागेल."

चांगुणाचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुढे झाले. "साहेब, मी काय शिकवलं ते तिलाच विचारा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, खुणावलं नाही. "खरं सांगू, साहेब?" ती म्हणाली. "पयल्यांदा बाईंनी टाचण लिवून दिलं हुतं, त्यानं समदं वाटुळं झालं. मग बाईंनी सांगायचंच सोडलं. रोज चार वाजता नुसत्या इचारायच्या. कोन शिकलं, कशावरून. मी रडले तरी सांगितलं न्हाई. लई राग यायचा मला. मग माझं मीच ठरवलं, वाफे करायचे म्हनून."

"म्हणजे बाईंनी तुला शिकवलं काय?"

तिने खरोखर विचार केला. "काय बी न्हाई."

माझी कानशिलं तापली. बावीस वर्षांत मला तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. आणि पोरगी मला वाचवत नव्हती की बुडवत नव्हती, तिला तसंच वाटत होतं.

"खरं आहे हे?" साहेबांनी मला विचारलं.

"अक्षर न् अक्षर."

"मग बोर्डाने तुम्हाला नेमलेलं काम?"

"मी पाच आठवडे विचारत बसले, साहेब. लिहा तसं."

त्यांनी लिहिलं. माणूस नियमाचा होता. दोन शेरे लिहिले आणि लेखणी हातात धरून थांबले. "बाई, हा दुसरा शेरा तुमच्या नोकरीभर तुमच्यामागे राहील. नेमलेल्या शिक्षिकेने मार्गदर्शन केल्याचे दिसत नाही, या कामी पुन्हा नेमू नये. खाली तुमची सही लागेल."

"करते ना. आधी पहिला वाचून दाखवा," मी म्हटलं. "मोठ्याने वाचा. बाहेर पाटील उभे आहेत."

साहेब उठले, दारापाशी गेले आणि खड्या आवाजात वाचलं, "शिक्षिका चांगुणाबाई स्वतःच्या बळावर वर्ग उत्तम चालवतात. शाळा चालू ठेवावी."

मग मी त्यांच्या हातातून लेखणी घेतली आणि दुसऱ्या शेऱ्याखाली माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं ठळक अक्षरात लिहिलं.